मशीन नसलेली खोली

दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा कुमुद म्हणाली, "घरी नंतर जाऊ. आधी आपटेबाईंकडं जाऊ या."

"आत्ता?"

"सकाळी फोन आला होता त्यांचा. तंबोऱ्याचं काहीतरी झालंय म्हणाल्या."

रिपोर्टचा पिवळा लखोटा माझ्या काखेत होता. डॉक्टरांनी सगळं तिच्यासमोरच सांगितलं होतं. घशात गाठ आहे, साधी नाही, रेडिएशन द्यावं लागेल. कुमुदनं एवढंच विचारलं, "बोलता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "बोलता येईल." गाण्याचं तिनं विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून काही सांगितलं नाही.

मिरजेत संगीत मंडळाच्या दगडी इमारतीत, माडीवर, जुन्या वाद्यांचं एक लहानसं संग्रहालय आहे. आपटेबाई ते सांभाळायच्या. कुमुदचा तंबोरा आम्ही पावसाळ्यापुरता त्यांच्याकडं ठेवायला दिला होता. आमचं घर सांगलीत, नदीच्या अंगाला. कृष्णेचं पाणी चढलं की आमच्या उंबऱ्याला लागतं. तंबोरा तिच्या गुरुजींनी तिला दिलेला. पावसाळ्यात तो घरी ठेवायला तिला भीती वाटायची.

त्या वर्षी पाणी आलंच. आम्ही गच्चीवर राहिलो. तंबोरा मिरजेत माडीवर आहे, म्हणून कुमुद निर्धास्त होती.

आम्ही माडीवर गेलो तर आपटेबाई दारातच उभ्या होत्या. डोळे लाल झालेले. "कुमुदताई, काय तोंड दाखवू मी तुम्हाला?"

आत जमिनीवर चादरी अंथरून वाद्यं मांडली होती. सारंगीच्या कातड्यावर पांढरी बुरशी आली होती. एका सतारीचा भोपळा वरपासून खालपर्यंत तडकला होता. कुमुदच्या तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, एका बाजूनं उचलून आली होती. सांध्यात बोट शिरेल एवढी फट.

तंबोऱ्याजवळ मकबूलभाई बसले होते. तीन पिढ्या सतारी, तंबोरे करणारं घर त्यांचं. ते म्हणाले, "पुराच्या आठवड्यात लाइट नव्हती, वहिनी. बंद खोलीत सगळी ओल कोंडली. लाकूड फुगलं. मग लाइट आली. एसी चालूच ठेवलेला, तो जोरात सुटला. फुगलेलं लाकूड एका रात्रीत आकसलं. मग काय होणार? पाण्यापासून वाचवलं आणि हवेनं नेलं."

कुमुद खाली बसली. तबलीवर तळहात ठेवला. मला वाटलं आता रडेल. पण ती म्हणाली, "फुटला नाही. सांधा सुटलाय फक्त."

"जुळेल की," मकबूलभाई म्हणाले. "पण परत ह्याच खोलीत ठेवणार असाल तर मी हात लावणार नाही. आणखी एकदा असं झालं तर भोपळाच जाईल. मग मला काही करता येणार नाही."

आपटेबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळल्या. "बाबरमिस्त्री, तुम्ही कोल्ड स्टोरेजची कामं करता ना? पुण्याहून एक तज्ज्ञ येऊन गेले. ते म्हणाले, एसी काढूनच टाका. खोलीला चहूबाजूंनी जाड अस्तर लावा आणि दार घट्ट बसवा. आतली हवा बदलेल, पण इतकी सावकाश बदलेल की लाकडाला त्रास होणार नाही. मशीन नको."

तासगावपासून मिरजेपर्यंत बेदाण्याच्या कितीतरी कोल्ड स्टोरेजना मी अस्तर लावलंय. मला हसूच आलं. "बाई, मशीन नसेल तर ती खोली कसली? ती नुसती पेटी झाली."

"मग पेटी करून द्या," कुमुद जमिनीवरूनच म्हणाली.

परतताना रिक्षात ती बाहेर बघत होती. मला वाटलं रिपोर्टचा विचार करत असेल. सांगली जवळ आल्यावर म्हणाली, "आमच्या हरिपुरात हळदीच्या पेवांना कुठं मशीन होतं वो?"

हरिपूर तिचं माहेर. तिचे वडील पेवांवर काम करायचे. जमिनीत खोल खड्डे, तोंड लहान आणि पोट मोठं. हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर ऊन तापो नाहीतर थंडी पडो, खाली हळदीला पत्ता नसायचा.

"पेव जमिनीत असतंय. ही माडी हाय."

"मग माडीवर पेव करा. त्यात काय?"

"त्यात काय म्हणे!"

"बाबा व्यापाऱ्यांना ओरडायचे. सारखं उघडून बघू नका, बघून बघून हळद घालवाल. तेवढंच एक पथ्य होतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "रेडिएशनला रोज मिरजेला यायचंच हाय की. तुम्ही काम करा, मी बसते तिथं."

तसंच झालं. सकाळी दवाखाना आणि दुपारी काम. आपटेबाईंनी एक आरामखुर्ची दिली होती, पण कुमुद रचून ठेवलेल्या थर्माकोलच्या थप्पीवरच पडायची. अंगाखाली ऊब लागते म्हणायची. गळ्याला माझा मफलर. पुढं पुढं तिला बोलवेना, तेव्हा खुणा करायची. फारच राग आला तर थर्माकोलवर नखानं लिहायची.

आम्ही खोलीची खिडकी विटांनी बंद केली. भिंतीच्या आत दुसरी भिंत घेतली, मधे थर्माकोलचं अस्तर. खाली तसंच, वर तसंच. एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजचं जाड दार मी सोडवून आणलं. त्याला आतून ढकलायचा दांडा असतो, चुकून कोणी अडकलं तर बाहेर यायला.

एके दिवशी कुमुद उठून भिंतीशी गेली. दारापासून हातभर अंतरावर, छातीच्या उंचीला, भिंतीत आरपार भोक होतं. मनगट जाईल एवढं. तिनं त्यात बोट घातलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ते मशीनच्या पाइपला," मी म्हटलं.

तिला बोलायचं नव्हतं, पण बोललीच. घोगरं, हळू. "कुठल्या मशीनच्या?"

मी भोकाकडं बघत राहिलो. सगळा जन्म कोल्ड स्टोरेज बांधण्यात गेला. भिंत उभी करताना हातानं सवयीनं पाइपला जागा ठेवली होती. माझा गडी दुसरीकडं तोंड करून हसत होता. कुमुदला हसताना दुखायचं, तरी ती तोंडावर मफलर धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. घरी गेल्यावर आठवून परत हसली.

दुसऱ्या दिवशी मी ते भोक बुजवलं. आत अस्तर ठासलं, दोन्ही तोंडांना गिलावा केला. हात फिरवून बघितला तर जागा सापडेना.

रेडिएशन संपलं. आवाज परत आला, पण तो तिचा नव्हता. बोलण्यापुरता होता. पूर्वी आमच्या घरात रोज पहाटे तंबोरा वाजायचा. मला सा कुठला आणि रे कुठला ते आजही कळत नाही. मी त्या आवाजात झोपायचो आणि तो थांबला की उठायचो, कारण थांबला म्हणजे चहा झाला. आता चहा झाला तरी मला कळायचं नाही. मी पडून राहायचो.

एकदा मी म्हटलं, "एकदा म्हण की गं काहीतरी."

"कशाला? कावळे बोलवायला?"

"मला ऐकायचंय."

"तुम्ही कधी ऐकलंय? घोरत तर होता."

मी पुन्हा विचारलं नाही. पण मनातून ते गेलं नाही. तिचं गाणं मला एकदा, जागं राहून, ऐकायचं होतं.

चैत्रात मकबूलभाईंनी तंबोरा जोडून आणला. सांधा कुठला होता ते दाखवावं लागलं. खोलीत ठेवण्याआधी त्यांनी तारा सैल केल्या. मग घोडीवरून, म्हणजे ज्यावर तारा टेकतात त्या पट्टीवरून, सुताचे चार बारीक तुकडे अलगद सोडवले.

"हे काय?" मी विचारलं.

"जीव," मकबूलभाई म्हणाले. "प्रत्येक तारेखाली एक दोरा असतो. त्याला आम्ही जीव म्हणतो. तो बरोबर जागी सरकवला की आवाज उघडतो. नाहीतर तार नुसती ठक्क वाजते. आता हा कितीतरी महिने पडून राहणार, म्हणून जीव काढून ठेवतो."

"माझ्यासमोर असलं बोलू नका वो," कुमुद म्हणाली. "आधीच डॉक्टर त्याच खटपटीत हायेत."

मकबूलभाईंनी जीभ चावली. ती मात्र हसत होती. तिनं हात पुढं केला. "माझ्याकडं द्या. मी लावीन परत."

चारही दोरे तिनं कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले.

आपटेबाईंनी वाद्यं आत लावून घेतली. ठरलं असं की अख्खा पावसाळा दार उघडायचं नाही. दसऱ्यानंतर उघडायचं आणि बघायचं. वाद्यं नीट निघाली तर खोली राहील. नाही निघाली तर मंडळ सगळी वाद्यं मुंबईच्या मोठ्या संग्रहालयाला देऊन टाकणार होतं. आमचा तंबोराही त्यांच्याबरोबर जाणार. तिथं तरी नीट राहील, असं कुमुदच म्हणाली होती.

दार लावलं तेव्हा आपटेबाई आतच होत्या. दांडा ढकलून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "अहो, मी हाका मारत होते."

"आम्हाला काही ऐकू आलं नाही, बाई."

"मोठ्यानं मारत होते!"

"अस्तर हाय ते. गरमी आत येत नाही, तसा आवाज बाहेर येत नाही."

कुमुदनं माझ्याकडं बघितलं.

पावसाळा गेला. त्यात डॉक्टरांनी दुसरा फोटो काढला. गाठ फुप्फुसात उतरली होती. आता औषध फक्त दुखू नये म्हणून होतं. कुमुदची पावलं लहान झाली. श्रावणात पंचमीला ती माहेरी जाऊन आली. पेवांच्या जागा बुजल्यात, वर आता घरं झालीत म्हणाली.

दसरा झाल्यावर आपटेबाईंचा निरोप आला. मी म्हटलं, "मी बघून येतो. तू पड."

"मी येणार."

"जिना हाय तिथं."

"तुम्ही हायसा की."

जिना चढायला आम्हाला वेळ लागला. वरच्या बोळात मकबूलभाई आणि आपटेबाई थांबले होते. बाहेर परतीचा पाऊस झिमझिमत होता. मी दाराच्या कडीला हात घातला, तेवढ्यात कुमुद म्हणाली, "थांबा. कंदील आणलाय का?"

"कंदील?"

"पेव उघडल्यावर बाबा आधी कंदील सोडायचे. विझला तर आत जायचं नाही."

"आत हवा हाय, बाई. जमिनीतलं पेव नाही हे."

"बघा हं," ती मकबूलभाईंना म्हणाली. "मला काही झालं तर ह्यांना पकडा."

दार उघडलं. आतून काही वास आला नाही. ओलीचा नाही, बुरशीचा नाही. नुसतं कोरड्या लाकडाचं जरासं काहीतरी. मकबूलभाई बॅटरी घेऊन आत गेले. सांध्यावरून नख फिरवलं, एकदा, परत एकदा. सारंगीच्या कातड्याला गाल लावला. आम्ही तिघं दारात उभे. आपटेबाईंनी माझा दंड धरला होता, ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

"बाबर," मकबूलभाई आतून म्हणाले, "ठेवला तसा हाय. केसभरही हललेला नाही."

आपटेबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. कुमुद आत गेली. तंबोऱ्याशी बसली आणि कनवटीची डबी काढली. आम्ही आत जायला लागलो तशी म्हणाली, "नको. दार लावून घ्या. मला जरा बसू द्या."

"एकटी?" मी म्हटलं.

"आतून दांडा हाय ना? तुम्हीच बसवलाय."

"पण कुमुद..."

"लावा. ओल आत यायलीय."

मी दार लावलं.

आपटेबाई चहा सांगायला खाली गेल्या. मी आणि मकबूलभाई बोळात उभे राहिलो. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मकबूलभाई म्हणाले, "तारा चढवायला वेळ लागेल तिला. बोटांत ताकद कुठाय आता?"

मला माहीत होतं ती आत काय करणार आहे. मी दाराच्या फटीला कान लावला. मग भिंतीला. मग जिथं भोक होतं तिथं. जागा सापडत नव्हती, हात फिरवून अंदाजानं लावला. मीच बुजवलेलं. ठासून बुजवलं होतं.

"काही येतंय?" मकबूलभाईंनी विचारलं.

"नाही. तुम्ही बघा. तुमचा कान हाय."

त्यांनी टोपी काढली आणि भिंतीला कान लावून डोळे मिटले. बराच वेळ तसे राहिले. मग मान हलवली. "काही नाही, बाबर. घट्ट काम केलंयस."

माझा हात कडीवर गेला. बोटभर उघडलं असतं तरी पुरलं असतं. तिला कळलंही नसतं कदाचित, तिची पाठ दाराकडं असणार. मकबूलभाई माझ्या हाताकडं बघत होते.

"उघडू नकोस," ते म्हणाले. "ओल जाईल आत."

"हं."

मी कडी सोडली. दुसरं काही सुचेना, म्हणून तळहात दारावर ठेवून उभा राहिलो. दार गार नव्हतं आणि गरमही नव्हतं. चहा आला. निवला. मकबूलभाईंनी दोघांचाही पिऊन टाकला.

कडी हलली आणि दार आतून उघडलं. कुमुद घामेजली होती. चेहरा पांढरा पडला होता. पण आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा देवळात गाऊन खाली उतरली होती, तेव्हा जशी दिसली होती, तशी काहीशी दिसत होती. पहिलं काय विचारलं असेल तर, "ऐकलं?"

"नाही," मी म्हटलं.

"शपथ?"

"ह्यांना विचार. ह्यांनी पण कान लावला होता."

"काही नाही, वहिनी," मकबूलभाई म्हणाले. "खुदा की कसम."

ती दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग तिला खरं वाटलं. "मग तुमचं काम पास," ती मला म्हणाली, आणि खांद्याला धरून टेकली.

तिनं तारा उतरवून ठेवल्या होत्या. दोरे काढून परत डबीत घातले होते. जिना उतरताना मधल्या पायरीवर ती थांबली आणि डबी माझ्या हातात दिली.

"पुढच्या वेळी तुम्ही लावा."

"मला कुठलं येतंय ते? मला सा पण कळत नाही."

"कानाला कळायची गरज नाही. एका हातानं तार छेडायची, दुसऱ्यानं दोरा हळूहळू सरकवायचा. जीव लागला की भोपळा मांडीवर घुमतो. हाताला कळतं ते."

मी हूं म्हटलं. इतका वेळ माझा हात दारावर होता, ते तिला सांगितलं नाही.

आत काय गायलीस, असंही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी ती गेली.

आपटेबाईंनंतर आता दुसऱ्या बाई आल्या आहेत. खोली तशीच आहे, मशीन कोणी बसवलेलं नाही. दर वर्षी दसरा झाला की दार उघडतात आणि मला बोलावतात. मकबूलभाईंना आता जिना चढवत नाही, पण त्यांचा मुलगा त्यांना धरून आणतो. ते सांध्यावरून नख फिरवतात आणि मान हलवतात. दर वर्षी विचारतात, "मी लावून देऊ का?"

मी नको म्हणतो.

डबी माझ्या खिशात असते. चारही दोरे नीट आहेत. मी तंबोऱ्याशी बसतो, भोपळा मांडीवर घेतो आणि परत जागेवर ठेवतो. जीव लावायचा अजून राहिलाय.